मुंगीघरातली बिऱ्हाडं

श्रीपादराव बिवलकर एकदा विलीन होऊन बसले होते आणि आता त्यांना दुसऱ्यांदा विलीन व्हायचं होतं.

पहिल्या खेपेला ग्वाल्हेर संस्थान मध्यभारतात गेलं, तेव्हा ते 'दरबारी काचघराचे अधीक्षक' होते ते नुसते 'अधीक्षक, काचघर' झाले. पगार तोच, खुर्ची तीच. फक्त डोक्यामागच्या भिंतीवरची तसबीर बदलली, आणि जुनी उतरवल्यावर जो स्वच्छ चौकोन उघडा पडला तो नव्या तसबिरीपेक्षा मोठा निघाला. नव्या राज्याची सगळी वर्षं तसबिरीभोवतीची ती पांढरी किनार बघण्यात गेली. आता छप्पन साली मध्यभारतच उचलून नव्या मध्यप्रदेशात घालायचं ठरलं होतं आणि राजधानी जायची होती भोपाळला. कचेऱ्यांपुढे ट्रक लागले होते. कपाटं, टेबलं, पाणी प्यायचे माठ, सगळं बाहेर फुटपाथवर उन्हात पडलं होतं. त्यांच्यामध्ये खुर्च्या टाकून कारकून मंडळी बसायची आणि कोण कुणाहून ज्येष्ठ यावर वाद घालायची. इंदूरवाल्यांशी हाच वाद आठ वर्षं चालला होता, तो अजून मिटला नव्हता. तेवढ्यात नागपूरवाले आले.

श्रीपादरावांना ग्वाल्हेरचं फार प्रेम होतं अशातला भाग नाही. त्यांना फक्त हलायचं नव्हतं.

त्यांचं काचघर फूलबागेच्या मागच्या अंगाला होतं आणि काचघराला लागून त्यांचं क्वार्टर. दरबारच्या काळात तिथं विलायती फुलं असायची आणि सणासुदीला पालखीतून राजवाड्यात जायची. मग फुलं गेली, पालखी गेली, पावसाळ्यागणिक काचाही थोड्या थोड्या जात राहिल्या. उरलं होतं ते एकच: मलायाकडच्या कुणा पाहुण्यानं दरबाराला नजर केलेलं एक झाड आणि त्याची श्रीपादरावांनी वाढवलेली पिलावळ.

झाड म्हणजे दिसायला सुरणाच्या गड्ड्यासारखं, वर काटे, डोक्यावर चार जाडसर पानं. ते मातीत नाही, फांदीला बांधून ठेवलं की जगायचं. बाहेरून ओबडधोबड, पण आत सगळ्या खोल्या आणि बोळ. या खोल्यांत मुंग्या राहायच्या. काही खोल्यांच्या भिंती गुळगुळीत, तिथं मुंग्या आपली अंडीपिल्लं ठेवायच्या. काही खोल्यांच्या भिंती खरबरीत, तिथं केर टाकायच्या. खाल्लेल्या किड्यांच्या तंगड्या, पंख, घाण. झाड त्या भिंतींमधून हा केर शोषून घ्यायचं आणि त्यावर पोसायचं. मुंग्यांना घर फुकट, झाडाला अन्न फुकट. दोघांनाही आपणच उपकार करतो आहोत असं वाटत असावं.

श्रीपादरावांनी त्याला 'मुंगीघर' असं नाव दिलं होतं. उमाजी माळी त्याला 'गाठोडं' म्हणायचा.

खरी गंमत अशी की झाड आलं तेव्हा मुंग्या आल्या नव्हत्या. त्या मलायातच राहिल्या. कित्येक वर्षं झाड रिकाम्या खोल्या घेऊन नुसतं लटकत होतं. श्रीपादराव बी.एस्सी. झालेले, तेव्हा तरुणही होते. त्यांनी ग्वाल्हेरच्या मुंग्यांना त्यात बिऱ्हाड करायला लावायचं मनावर घेतलं. बारीक, काळ्या, न चावणाऱ्या मुंग्या शोधून त्यांच्या वाटेवर ते गड्डे टांगायचे आणि गड्ड्याच्या भोकांशी मेलेल्या माश्या ठेवायचे. कचेरीच्या वेळेत अधीक्षकसाहेब माश्या मारतात आणि पाकिटात घालून खिशात ठेवतात, ही बातमी त्या काळी थेट राजवाड्यापर्यंत गेली होती. पण एका उन्हाळ्यात मुंग्या आत गेल्या त्या राहिल्या. मग झाडानं अंग धरलं, पानं फुटली, नारिंगी फळं धरली. श्रीपादरावांच्या आयुष्यात जे काही घडलं म्हणता येईल ते एवढंच.

त्यानंतर रोज सकाळी चहा झाला की ते गड्ड्यावर नखानं टिचकी मारायचे. टिचकी मारली की भोकाभोकांतून मुंग्या धावत बाहेर यायच्या, साहेब आल्याची वर्दी लागल्यावर व्हरांड्यात कारकून यावेत तशा. त्यांना पाहून श्रीपादराव आत जायचे. दिवसाचं मुख्य काम तिथं संपायचं.

तर या काचघराचं काय करायचं हे ठरवायला भोपाळच्या नव्या खात्याकडून एक साहेब यायचे होते. काचघरात नुसत्या कुंड्या असतील तर ते बंद, जागा कागदपत्रं ठेवायला, आणि अधीक्षक भोपाळच्या बियाणे कोठारात. पण नव्या राज्यात दुसरीकडे कुठंही नाही असं काही असेल तर काचघर राहणार, अधीक्षक राहणार, क्वार्टर राहणार. श्रीपादरावांनी वर कळवून टाकलं होतं: झाड आणि मुंग्या एकमेकांवर जगतात असं हे एकमेव ठिकाण आहे, प्रत्यक्ष येऊन पाहावं.

आणि पितृपक्षातल्या एका सकाळी त्यांनी टिचकी मारली, तर कुणी आलं नाही.

दुसऱ्या गड्ड्याला मारली. तिसऱ्याला मारली. एक म्हातारी मुंगी तेवढी भोकाशी आली, इकडंतिकडं पाहिलं आणि परत गेली.

"उमाजी!"

उमाजी धावत आला आणि त्यानं सलाम ठोकला. तो संस्थानच्या फौजेत होता. फौज विलीन झाली तेव्हा त्याला बागखात्यात विलीन केलं होतं, पण सलाम तेवढा त्यानं फौजेतलाच ठेवला होता.

"मलेरियावाले आत आले होते का? फवारणीला?"

"आत? साहेब, कसम से, फाटकाच्या आत पाऊल नाही घालू दिलं. पंप घेऊन दोघं आले होते. मी म्हटलं, गोली मारा मला, मगच आत जा."

"मग?"

"मग ते म्हणाले, गोली कशाला, चहा पाज. पाजला. गेले."

"मग मुंग्या कुठं गेल्या?"

उमाजीनं गाठोड्यात डोळा लावून पाहिलं. "मकान खाली आहे, साहेब," तो म्हणाला. "भोपाळचा हुकूम यांना पहिला आला असेल."

श्रीपादराव हसले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि ते म्हातारीच्या मागावर राहिले. ती गड्ड्यावरून तारेवर उतरली, तारेवरून खांबावर, खांबावरून जमिनीवर, आणि तिथं तिला एक रस्ता लागला. चांगला रहदारीचा रस्ता. जाणाऱ्या बहुतेकींच्या तोंडात पांढरं अंडं, येणाऱ्या रिकाम्या हातानं. हा रस्ता पाण्याच्या हौदाला वळसा घालून मागच्या कोपऱ्यात गेला. तिथं फुटक्या कौलावर पिठीसाखरेत कालवलेल्या कणकेचा एक छोटासा ढीग होता, त्यावर हळद, त्यावर कुंकू. शेजारच्या विटेखाली सबंध वसाहत थाटली होती. अंडीपिल्लं, सगळं.

कौल त्यांनी ओळखलं. ते त्यांच्याच न्हाणीघराच्या छपराचं होतं.

घरी इंदुताई पोळ्या करत होत्या. श्रीपादराव स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. एरवी ते इथवर यायचे नाहीत.

"तू काचघरात मुंग्यांना साखर घालतेस?"

"पीठसाखर," इंदुताई म्हणाल्या. "नुसती साखर घालायची नसते."

"कधीपासून?"

"गणपती उठले तेव्हापासून. सराफ्यामागच्या शास्त्रीबुवांनी सांगितलंय. तुम्हाला शनी आहे. अंघोळ करून, न बोलता घालायची."

"अगं, मग अंगणात घालायची!"

"अंगणात तांबड्या आहेत. काळ्या लागतात, देवाच्या. काळ्या जितक्या होत्या तितक्या तुम्ही काचघरात नेऊन ठेवल्यात. मी काय करू?"

श्रीपादरावांनी तिला समजावून सांगायला घेतलं. मुंग्यांना दाराशी आयतं मिळालं की त्या शिकारीला जात नाहीत. किडे आणले नाहीत तर केर होत नाही. केर नाही तर झाडाला खायला नाही. शिवाय अन्न खाली असल्यावर वर चढून राहायचं कशाला, म्हणून त्यांनी बिऱ्हाडंच हलवली. इंदुताई पोळी उलटत ऐकत होत्या.

"म्हणजे मानकऱ्यांसारखंच झालं की," त्या म्हणाल्या. "सरकारातून तनखा मिळत होता तोवर कोण घोड्यावर बसलं?"

"इंदू, थट्टा नाही. तो साहेब मुंग्या बघायला येणार आहे. बदली टळावी म्हणून तू हे करतेस आणि त्यानंच बदली होणार आहे."

इंदुताईंनी पोळी तव्यावरून काढली, तूप लावलं, दुमडली, डब्यात ठेवली.

"टळावी म्हणून करते, असं कोण म्हणालं?"

श्रीपादराव दाराच्या चौकटीला टेकले.

"व्हावी म्हणून करते," इंदुताई म्हणाल्या. "शास्त्रीबुवांनी विचारलं, मनात काय आहे? मी म्हटलं, भोपाळ."

"भोपाळला काय आहे?"

"मला काय ठाऊक? मी कुठं पाहिलंय." त्यांनी पुढची लाटी घेतली. "हळदीकुंकवाला मी कुठं बसते ठाऊक आहे तुम्हाला? चपलांपाशी. सतरंजीच्या मध्यावर सरदारीण, वनमालाबाई. मग मानकरणी. मग खासगीकडच्या, मग फडणिशीतल्या, मग फौजेकडच्या. सगळ्यांत शेवटी दारात मी, काचघरवाल्यांची. माझ्यापर्यंत करंडा येतो तेव्हा कुंकू बोटानं खरवडून काढायला लागतं. लग्न होऊन आले तेव्हापासून तिथंच बसतेय."

"संस्थान गेलं की आता."

"संस्थान गेलं, बसायच्या जागा नाही गेल्या. वनमालाबाईंचं छत गळतं. दिवाणखान्यात मधोमध पातेलं ठेवतात. मागच्या चैत्रात वळवाचा पाऊस आला तर सगळ्या त्या पातेल्याभोवती मानाप्रमाणे बसल्या होत्या. सरदारणीच्या पदरावर थेंब पडत होते, पण सरकली नाही. आणि मी दारात कोरडी."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी?" इंदुताई म्हणाल्या. रागावल्यासारखंही नाही, भाजीत मीठ टाकलं का विचारावं, तसं. "रोज सकाळी उठून टिचकी मारता ती त्या गाठोड्याला."

पोळी करपल्याचा वास आला. त्यांनी ती चिमट्यानं उचलून बाजूला ठेवली, आपल्यासाठी.

श्रीपादरावांनी त्या करपलेल्या पोळीकडे पाहिलं. मग म्हणाले, "तो साहेब येऊन जाईपर्यंत थांबवलंस तर? आठ-दहा दिवस उपाशी राहिल्या की जातील परत वर."

"हातावर पाणी सोडून संकल्प केलाय. मधेच मोडला आणि तुम्हालाच काही झालं म्हणजे?" हात पिठाचे होते, कपाळावरची बट त्यांनी मनगटानं मागे सारली. "पण तुम्ही सांगा. थांबव म्हणा, थांबवते. वर पाप तुमच्या माथी."

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीपादराव काचघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसले होते. रात्री झोप लागली नव्हती. डोक्यात काही मोठे विचार होते असंही नाही; सतरंजी आणि चपला एवढंच परत परत येत होतं. अंघोळ करून, ओल्या केसांनी, हातात साखरेचा डबा घेऊन इंदुताई आल्या. व्रताप्रमाणे बोलायचं नव्हतं. त्या त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिल्या.

खुर्ची वाटेत होती. श्रीपादराव उठले, त्यांनी खुर्ची उचलून बाजूला ठेवली आणि परत तिच्यावर बसले.

इंदुताई आत गेल्या.

दसऱ्याच्या पुढेमागे ते साहेब आले. शरच्चंद्र खानझोडे त्यांचं नाव, राहणार नागपूर, आता नव्या राज्यात बसवलेले. माणूस श्रीपादरावांपेक्षाही थकलेला दिसत होता. त्यांच्या बुटांवर तीन गावांची धूळ होती.

उमाजीनं सलाम ठोकला. खानझोडे दचकले.

"दाखवा जी तुमचं ते मुंग्यांचं झाड," ते म्हणाले.

श्रीपादरावांनी त्यांना गड्ड्याशी नेलं. गड्डा सुरकुतला होता, पानं पिवळी पडली होती. आतल्या खोल्या, गुळगुळीत भिंती, खरबरीत भिंती, सगळं त्यांनी नीट सांगितलं. इतक्या वर्षांत कुणाला सांगायची वेळच आली नव्हती, त्यामुळे जरा लांबलंच. खानझोड्यांनी मन लावून ऐकलं.

"आणि मुंग्या?"

श्रीपादरावांनी टिचकी मारली. कुणी आलं नाही. खानझोड्यांनी स्वतः मारली. कान लावला.

"कोणीच नाही ना जी."

"आज छुट्टीवर आहेत, साहेब," उमाजी मागून म्हणाला. "दसऱ्याला सोनं वाटायला गेल्या."

खानझोडे काचघरभर फिरले आणि नेमके मागच्या कोपऱ्यात जाऊन थांबले. "अन् हे काय आहे?"

कौलावर ताजी पीठसाखर होती. हळद होती, कुंकू होतं. मुंग्यांची नुसती जत्रा भरली होती. उमाजीनं वर छपराकडे पाहायला सुरुवात केली. घरातून पितळी भांड्यांची आवराआवर ऐकू येत होती; इंदुताई साहेबांसाठी चहाच्या तयारीत होत्या.

"हा प्रयोग आहे," श्रीपादराव म्हणाले.

"प्रयोग."

"हो. मुंगी घर धरून राहते की खाणं धरून, याचा."

"हळदीकुंकू लावून?"

"स्थानिक पद्धत."

खानझोड्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग खाली वाकून वसाहतीकडे पाहिलं. "अन् काय निघालं?"

"खाणं धरून," श्रीपादराव म्हणाले.

हे बोलताना आपण काचघर, क्वार्टर आणि खुर्ची तिन्ही आपल्याच हातानं देऊन टाकतो आहोत हे त्यांना नीट कळत होतं. फक्त ते वाक्य म्हणायला फार जड जाईल असं वाटलं होतं, तेवढं जड गेलं नाही. पाय मात्र दुखत होते.

चहा पिताना खानझोडे म्हणाले, "ठेवता तर नाही येत जी हे काचघर. वरती काय सांगू, बिनामुंग्यांचं मुंग्यांचं झाड? झाडं भोपाळले न्या, तुम्हीपण सोबत चला. तिथं कुठंतरी टांगू." मग बशी खाली ठेवून हळूच विचारलं, "घरून काय म्हणतात? माही बायको तर नागपूर सोडाचं म्हटल्यापासून बोलूनच नाही राहिली."

"आमच्याकडे तयारी आहे," श्रीपादराव म्हणाले.

"नशीबवान आहा बाप्पा!" खानझोडे म्हणाले, आणि त्यांनी आणखी अर्धा कप चहा मागून घेतला.

काचघरात भोपाळला न जाणारे कागद भरले गेले. उमाजीला त्यांच्यावर पहारेकरी नेमलं. बिवलकरांचं बिऱ्हाड निघताना त्यानं ट्रकला सलाम ठोकला, कारण साहेब पुढे ड्रायव्हरजवळ बसले होते आणि दिसत नव्हते.

भोपाळचं क्वार्टर नवं होतं, म्हणजे अर्धं बांधायचं राहिलं होतं. श्रीपादराव दिवसा बियाणे कोठारात मोहरीची पोती बघायचे. गड्डे त्यांनी मागच्या व्हरांड्यात तारेला टांगले होते आणि सकाळी चहा झाला की टिचकी मारायचे. आतून काही यायचं नाही, पण हाताला सवय होती.

संक्रांतीला इंदुताई हळदीकुंकवाला गेल्या. लवकर परत आल्या. पायऱ्यांवर बसून त्यांनी पाय चोळायला घेतले.

"कुठं बसलीस?" श्रीपादरावांनी विचारलं. त्यांना हे विचारायचं लक्षात राहिलं होतं.

"कुणाला काही ठाऊकच नाही. नागपूरच्या, इंदूरच्या, आपल्या, सगळ्या आपल्या उभ्याच. मग कुणीतरी म्हणालं, बसा ना जी. मी बसले. बघते तर सतरंजीच्या मधोमध."

"मग? झालं की मनासारखं."

"झालं." त्यांनी दुसरा पाय चोळायला घेतला. "मधे बसलं की सगळ्यांशी बोलावं लागतं हो. मान दुखायला लागली."

मग त्या उठल्या. संकल्प पुरा झाला होता, उद्यापन राहिलं होतं. शेवटची पीठसाखर काळ्या मुंग्यांना घालायची होती आणि या नव्या क्वार्टरात चुन्याच्या वासानं एक मुंगी दिसत नव्हती. म्हणून त्यांनी ग्वाल्हेरहून आणलेला साखरेचा डबा फळीवरून काढला, झाकण उघडलं, आणि तशाच श्रीपादरावांकडे घेऊन आल्या.

डब्यात मुंग्या होत्या. बारीक, काळ्या, ग्वाल्हेरच्या. साखरेच्या एका कडेला त्यांनी अंडीपिल्लांसकट संसार मांडला होता.

श्रीपादरावांनी डबा हातात घेतला आणि गड्ड्याच्या अगदी खाली कठड्यावर, झाकण उघडं ठेवून, टेकवला. तारेचं एक टोक डब्यात सोडलं. दोघं उभं राहून बघत होती. बऱ्याच वेळानं एक मुंगी तारेवर चढली. गड्ड्यापाशी गेली, भोकातून आत शिरली. आत बराच वेळ होती. सगळ्या खोल्या बघून आली असावी. मग बाहेर येऊन खाली उतरली आणि डब्यात गेली.

"साखर संपली की जातील वर," इंदुताई म्हणाल्या.

"किती उरलीय?"

"अर्ध्याहून जास्त आहे. टाकवत नाही ना अशी, उद्यापनाची."

श्रीपादराव खुर्चीवर बसले. वैद्यानं त्यांना साखर कमी करायला सांगितल्याला पुष्कळ वर्षं झाली होती आणि ते बिनसाखरेचा चहा घेत आले होते.

"चहा टाक," ते म्हणाले. "मला आजपासून तीन चमचे घाल. त्याच डब्यातली. मुंग्या तेवढ्या बाजूला कर."